पाठमोरं उत्तर

मास्तर, काल इथं भिंतीवर सिनेमा दाखवला. आखातातल्या आमच्या तेलकंपनीच्या छावणीत शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून गुरुवारी दिवस मावळला की मेसच्या मागच्या चुना मारलेल्या भिंतीवर कुठला तरी सिनेमा लावतात. कधी अरबी, कधी इंग्रजी, कधी आणखी कुठल्या देशाचा, की ज्याची बोली छावणीत कुणालाच कळत नाही. आम्ही रेतीवर चटया टाकून बसतो. केरळचे वेल्डर, गोव्याचे स्वयंपाकी, दोन इराणी, एक पठाण ड्रायव्हर, आणि पाइपांच्या खात्यातला मी. कालच्या सिनेमात एक म्हातारा कोळी होता. त्याचा मुलगा त्याला काहीतरी विचारतो, जीव तोडून विचारतो, आणि म्हातारा नेमका उत्तराच्या वेळी पाठ फिरवून समुद्राकडे तोंड करतो. पठाणानं मला कोपर मारलं. "क्या बोला बुढ्ढा?" मुंबईचा माणूस म्हणजे सिनेमातलं याला सगळं कळणार, अशी त्याची समजूत. मी म्हटलं, "पीठ देख." तो म्हणाला, "पीठ क्या बोलती है?" झालं. तिथून पुढं भिंतीवर काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. आज सुट्टी, सगळे कपडे धुताहेत, आणि मी खाटेवर बसून तुम्हाला लिहितोय.

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. माझी तिशी अजून यायचीय आणि तुम्ही मात्र फार जुने झालात, एवढंच जाणवतं. पण तुमचं एक उत्तर माझ्याकडे यायचं राहिलंय. मी विचारलं होतं, जाऊ का राहू. तुम्ही माझ्याकडे पाठ करून काहीतरी बोललात. काय बोललात ते मला आजवर माहीत नाही. तेवढ्यासाठी हा कागद घेतला. अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे, कोंबडीनं उकरल्यासारखं. तुम्ही म्हणायचात, "अरे, अक्षर वाईट असलं तरी चालेल, बघणं चांगलं पाहिजे."

खरं तर मी तुमच्या वर्गात फुकट सिनेमा बघायला आलो होतो. चौथीत शाळा सोडलेली, गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, बदली कामगार म्हणून लागलेलो, आणि कुठंच बूड टेकत नाही म्हणून आईनं पिडून पिडून लालबागच्या रात्रशाळेत घातलेलं. तिथं कळलं की चित्रकलेचे एक मास्तर गिरगावाहून ट्रामनं येतात आणि रविवारी दुपारी त्याच शाळेच्या वरच्या मजल्यावर सिनेमाचा वर्ग घेतात. वर्ग म्हणजे काय ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. खिडक्यांना गिरणीतल्या फेंटचे, म्हणजे टाकाऊ कापडाचे, तुकडे लावलेले, शाळेच्या कपाटातलं सिनेमाचं जुनं मशीन बाहेर काढलेलं, त्याचा आवाजाचा डबा कायमचा मुका. समोर मांजरपाटाचा पडदा. तुम्ही पांढऱ्या शर्टात, नखांत निळा रंग. तरुणपणी दादरच्या एका स्टुडिओत तुम्ही मूक सिनेमांचे पडदे रंगवले होते. राजवाडे, अरण्यं, चंद्र. "चंद्र तर इतके रंगवलेत की पौर्णिमेला मी खिडकी लावून घेतो," असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत आणि कुणी हसलं नाही, कारण आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो.

सिनेमा अजून सुरू झालेला नव्हता. नुसता पडदा. आमच्यातले बुवा, भजनात पेटी वाजवायचे आणि गिरणीत साचे चालवायचे, ते उठून पुढं गेले, कापडाला नाक लावलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्या कापडाचा साचा नीट बसवलेला नव्हता. हा बघा, इथनं तिथवर ताण सुटलाय." मग आणखी दोघं गेले. एकानं काठ चाचपला. कुणाच्या पाळीत विणलं असेल यावर वाद लागला. तुम्ही मशीनची कळ दाबलीत, पडद्यावर माणसं हलायला लागली, तरी बुवा तिथंच. त्यांच्या पाठीवर अख्खा दरबार चालला होता. "बुवा, बसा खाली, राजा तुमच्या बंडीवर चढलाय," असं वाइंडिंग खात्यातली आक्का ओरडली तेव्हा ते हटले.

तुमचा बेत साधा होता. आवाज नाहीच आहे, तर आवाजाशिवाय बघू. माणसं काय बोलतात ते कळणार नाही, म्हणजे डोळे आपोआप दुसरीकडे जातील. उजेड कुठून येतोय, कोण जवळ आहे, कोण लांब, कॅमेरा उभा आहे की बसलाय. तुम्ही कोर्टातला एक तुकडा लावलात आणि विचारलंत, "काय समजलं?" बुवांनी खणखणीत आवाजात सगळी जबानी म्हणून दाखवली. वकील काय म्हणाला, आरोपी काय म्हणाला, शब्दाला शब्द. तुम्ही मशीन थांबवलंत. "हा सिनेमा तुम्ही आधी बघितलाय?"

"नाय हो मास्तर."

"मग?"

आता आम्हालाच कळेना की तुम्ही काय विचारताय. शेवटी आक्का म्हणाली, "मास्तर, ह्यांच्या साचेखात्यातल्या खडखडाटात कानाचा काय उपयोग? ढग फुटला तरी ऐकू येत नाही. हे लोक तोंडाकडे बघूनच बोलतात. घरी पण बायकोकडं पाठ करून बसले की तिनं काय सांगितलं ते ह्यांना कळत नाही. कळत नाही, की कळून घेत नाहीत, ते देवाला माहीत." त्यावर मी, शहाणपणा करून, पडद्यावरच्या कोर्टात मागं उभ्या असलेल्या दोन माणसांकडे बोट दाखवलं. "आणि मास्तर, तो मागचा शिपाई बाजूवाल्याला विचारतोय, जेवण कधी येणार, सकाळपासून उभं केलंय." तुम्ही तो तुकडा परत लावलात. परत लावलात. मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात आणि हसता हसता खोकायला लागलात. तो खोकला मला आता वेगळा ऐकू येतो. तेव्हा वाटलं, नुसतं हसण्यानं.

पण पुढच्या रविवारी तुम्ही रागावलेले होतात. "तुम्हाला वाटतं तुम्हाला जास्त दिसतं. तुम्हाला कमी दिसतं. तुम्ही ओठ सोडून काही बघतच नाही!" तुम्ही हातात एक पुठ्ठा घेतलात आणि मशीनच्या उजेडात असा धरलात की पडद्यावरच्या सगळ्या माणसांची डोकी गेली. वर्गात बोंब. "ओ मास्तर, माणसांना धडावर सोडलंत!" तुम्ही हलला नाहीत. "सांगा आता. हा कोण? श्रीमंत की गरीब? घाबरलाय का? कशावरून?" आणि आम्ही, इतकी वर्षं तोंडांवर जगलेली माणसं, पहिल्यांदा हातांकडे बघायला लागलो. श्रीमंताचे हात रिकामे असतात, हे आक्काला आधी दिसलं.

त्यानंतर तुम्ही तो तुकडा आणलात. तुमचा एक जुना सोबती गिरगावात सिनेमाच्या रिळांच्या गोदामात होता, तो तुम्हाला टाकाऊ तुकडे द्यायचा. त्या सिनेमाला ना सुरुवात होती, ना शेवट, ना नाव. एक माणूस तुरुंगातून सुटून घरी येतो. घरापुढच्या खळ्यात, अंगणात, त्याची बहीण तांदूळ पाखडत बसलीय. तो येऊन उभा राहतो, आमच्याकडे पाठ करून. ती मान वर करत नाही. सूप चालूच. मग एकदा बघते. उठते, तांब्या घेऊन येते, त्याच्या पायांवर पाणी ओतते. संपलं. कॅमेरा एवढा वेळ लांबच. एकदासुद्धा कुणाच्या तोंडाजवळ गेला नाही. बहिणीचा चेहरा लहान, भावाचा तर नाहीच. ओठ कुणाचेच नाहीत.

"कॅमेरा जवळ का गेला नाही?" तुम्ही विचारलंत. कुणीतरी म्हणालं, पैसे कमी असतील. कुणी म्हणालं, नटी देखणी नसेल. मालवणी काका, आमच्यातले सगळ्यात वयस्कर, इतके रविवार नुसते तंबाखू मळत बसलेले, ते पहिल्यांदा बोलले. "तेका लाज वाटली."

"कोणाला, काका?"

"कॅमेरावाल्याक. दुसऱ्याच्या घरचा भांडाण. शेजारी खळ्यात येता, पण वर वळयेक, घरात, चढता काय? तो खळ्याच्या कडेक उभो रवलो. बरां केल्यान."

तुम्ही खडू खाली ठेवलात. काकांकडे असं बघितलंत, जसं कुणी तुम्हाला जुना पत्ता सांगितला. मग तुम्ही आम्हाला ते करून बघायला लावलंत. आक्काला जमिनीवर बसवलं, तिच्या मांडीवर शाळेची पाटी सूप म्हणून दिली. मला दारात उभं केलं. एकेकानं बोटांची चौकट करून आमच्याकडे बघायचं. दारातून. टेबलावर चढून. जमिनीवर पालथं पडून. बुवा पालथे पडले आणि ओरडले, "आक्के, खालून तू साक्षात देवी दिसतेस!" "आणि वरून?" "वरून... वरून आमची ही दिसते तशी, वैतागलेली." "उठ मेल्या, धोतर सांभाळ." मला दारात उभा राहून कंटाळा आला होता, पण तुम्ही म्हणालात, "हलू नकोस. ती वर बघेपर्यंत तू पाहुणा आहेस." मास्तर, मी नुसता उभा होतो आणि ती वर बघायची खरीच वाट बघायला लागलो. आक्का पाटीवरून हात फिरवत होती. माझ्या घरचं कुणी तुरुंगात नव्हतं. तरी बघत होतो.

त्या वर्गात माझा एक दोस्त होता, सूत कातायच्या रिंग खात्यातला, माझ्याच वयाचा. पलीकडच्या चाळीतला. त्यांच्या घरच्यांनी नुकतीच नागपुराला जाऊन दीक्षा घेतलेली, भिंतीवर बुद्धाचा फोटो नवाकोरा. त्याला ओठ वाचता येत नसत. साचेखात्यात त्याच्या लोकांना घेतच नसत. मागाच्या धोट्यात सुताची कांडी भरली की धागा तोंडानं ओढून काढायचा असतो, आणि एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो, म्हणून. हे मला लहानपणापासून माहीत होतं, जसं नळ किती वाजता येतो ते माहीत असतं. त्या रविवारी तुम्ही तो तुकडा पुन्हा लावलात आणि विचारलंत, "बहिणीनं भावाला माफ केलं का?" सगळे म्हणाले, केलं, पाणी दिलं की. दोस्त मागून म्हणाला, "नाही केलं."

"कशावरून?"

"तांब्या बघा. किती वर धरलाय. लांबून ओततेय. अशी पाण्याची धार आम्हाला ओततात."

काकांनी तंबाखू थुंकायचा म्हणून तोंड फिरवलं, थुंकले मात्र नाहीत. तुम्ही तुकडा परत लावलात. आम्ही सगळ्यांनी तांब्या बघितला. तो होता तिथंच होता, पहिल्या दिवसापासून, बहिणीच्या खांद्याच्या वर. वर्ग सुटल्यावर जिन्यात काका दोस्ताला म्हणाले, "चल रे, चाय पिवया," आणि हॉटेलात आपला कप त्याच्या कपाजवळ सरकवून बसले. दोस्त नंतर मला म्हणाला, "म्हाताऱ्यानं आज कॅमेरा जवळ आणला रे." आम्ही दोघं गणेश टॉकीजच्या दिशेनं हसत सुटलो होतो. हसू कशाचं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

ते दिवसच तसे होते. गिरणगावात दुसरं बोलणं नव्हतं. भिंतींवर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, सभेत मुंबईसह, पोरांच्या विटीदांडूत भांडण लागलं तर तिथंही मुंबईसह. किती रविवार मोर्च्यात गेले, किती संचारबंदीत. एकदा तुम्ही आम्हाला सगळ्यांना दादरला थेटरात नेलंत, मुख्य सिनेमाच्या आधी बातम्यांची रीळ दाखवतात ती बघायला. तिच्यात आमचा मोर्चा होता. बुवा खुर्चीवर उभे राहिले, "अरे, ते आपण! ते आपण!" मागच्यांनी त्यांना खाली ओढलं. पण मोर्चा पुढं गेला आणि आम्हाला आम्ही सापडलो नाही. मी तर पुढच्या रांगेत होतो, घसा फाटेपर्यंत ओरडत होतो. पडद्यावर नुसती डोकी, दाट, सरकणारी. पुढच्या रविवारी तुम्ही फळ्यावर एक घर काढलंत आणि विचारलंत, "कॅमेरा कुठं होता?" चौथ्या मजल्याच्या गच्चीवर, असं सगळ्यांचं ठरलं. आक्का म्हणाली, "तिथनं आम्ही निवडायला पसरलेल्या तांदळासारखे दिसतो. ह्यातले खडे कुठले, एवढंच बघणाऱ्याच्या मनात येणार." मी चिडून म्हटलं की मुद्दाम केलंय. तुम्ही म्हणालात, "असेल. नसेलही. गच्चीवरून सगळा मोर्चा मावतो, खाली उतरला असता तर तुझं एकट्याचं तोंड मिळालं असतं. तू सांग, तू उभा असतास तर कॅमेरा कुठं ठेवला असतास?" इथं पाइपांवर काम करताना, उंच परांचीवर उभा असलो आणि खाली माणसं लहान दिसायला लागली, की अजून तो प्रश्न येतो. उत्तर रोज वेगळं येतं.

मग तुमचा आवाज बसला. आधी आम्ही मीठ-पाण्याच्या गुळण्या सुचवल्या, आक्कानं ज्येष्ठमध आणून दिला. परळच्या हॉस्पिटलात घशात गाठ निघाली, कापावं लागलं, आणि तुम्ही परत आलात ते गळ्याला रुमाल गुंडाळून, आवाज तिथंच ठेवून. आम्हाला वाटलं, संपला वर्ग. तुम्ही फळ्यावर लिहायला लागलात. पण आमचं वाचन कसलं! मी एक ओळ जुळवून वाचेपर्यंत पडद्यावर बहीण पाणी ओतून आत गेलेली. तुम्ही वैतागून खडू फेकलात आणि ओठांनी काहीतरी बोललात. वर्गातली सगळी साचेवाली मंडळी एकदम हसली. तुम्ही थबकलात. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही म्हणालात, ह्या गाढवांना शिकवण्यापेक्षा मी चंद्रच रंगवत बसलो असतो तर बरं झालं असतं."

तुमचा चेहरा, मास्तर! वर्षभर ज्या गोष्टीवर तुम्ही आमच्यावर चिडलात, तीच आता तुमच्या उपयोगाला आली होती. दोस्ताला आणि आक्काला मात्र ओठ वाचता येत नव्हते, म्हणून तुम्ही मला शेजारी उभं केलंत. तुम्ही ओठ हलवायचे, मी मोठ्यानं बोलायचं. मी मधेच माझं काहीतरी घुसडलं की पट्टी पोटरीवर. "कॅमेरा इथं गुडघ्यावर बसलाय, कारण..." आणि माझ्या तोंडून तुमची गिरगावी भाषा बाहेर पडायची, "अर्थात" आणि "वस्तुतः" सकट. बुवा म्हणायचे, "पोरगं बामण झालं रे." एकदा तुम्ही दोस्ताला झापलंत, आणि ते झापणं मला करावं लागलं. तो तुमच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "साल्या, फार मजा येतेय ना तुला?" येत होती. कुठंच बूड न टेकणारा मी त्या वर्षात एकही रविवार चुकवला नाही. तुम्ही मशीनच्या कपाटाची किल्ली मला दिलीत. सगळे धरून चालले की पुढं वर्ग मी चालवणार. तुम्हीही.

आणि त्याच वेळी माझं मन सुटलेलं होतं. आमच्या चाळीतला एक जण या वाळवंटात येऊन गेला होता, त्यानं एजंटाची गाठ घालून दिली. मी नाव नोंदवलं. कुणाला सांगितलं नाही. गिरणीत बदली मिळायची तर मिळायची, नाहीतर गेटावर उभं राहून परत. पण खरं कारण ते नव्हतं. मला बघायचं होतं. तुम्हीच ती खोड लावलीत: इथून असं दिसतं, तर तिथून कसं दिसेल? बोलावणं आलं तेव्हा तुम्ही दुसऱ्यांदा हॉस्पिटलात होतात, आणि या वेळी डॉक्टर कापायचं म्हणत नव्हते.

मी भेटीच्या वेळेत आलो. थंडीचे दिवस, लवकर अंधारून आलं होतं. तुमची खाट खिडकीशी. मी स्टुलावर बसलो, किल्ली खिशात, आणि सगळं एका दमात सांगितलं. नर्स आली, तुमच्या डोक्यावरचा दिवा लावून गेली. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही राहा म्हणालात तर राहतो. जा म्हणालात तर जातो. जाऊ का राहू?" मी तुमच्या ओठांकडे डोळे लावून बसलेलो. आणि तुम्ही उशीवर हात टेकून, कष्टानं, अख्खं अंग वळवलंत. खिडकीकडे. मग बोललात. कानाखाली जबडा हलताना मला दिसत होता. थोडेच शब्द असावेत. मध्ये थांबलात, पुन्हा थोडं बोललात. परत वळलात तेव्हा घंटा झाली होती, आणि तुम्ही हातानं मला बाहेरची वाट दाखवलीत. ते घंटेमुळं, की उत्तर म्हणून, काही कळलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवलात.

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. बुवांनी रात्रभर भजन केलं, काका चंदनवाडीच्या स्मशानापर्यंत चालत आले. मी किल्ली दोस्ताच्या हातात ठेवली. तो म्हणाला, "मला? मला तर ओठ वाचता येत नाहीत." मी म्हटलं, "म्हणूनच तू." त्यानं वर्ग चालवला, मास्तर. शाळेनं खोली मागितली तेव्हा त्यांच्या चाळीच्या गच्चीवर चालवला. तो तुकडा इतका झिजला की बहीण उठते तिथंच तुटला, आता ती नुसती बसून पाखडत राहते, असं त्यानं कळवलं होतं. तो आता दादरला ऑफिसात आहे. आणि मुंबई मिळाली. तुम्हाला तिकडं कुणी सांगितलं की नाही कोण जाणे, म्हणून सांगतो. मी इथं होतो, रेडिओवर ऐकलं, अख्ख्या मेसला चहा पाजला. पठाणानं विचारलं, लडका हुआ क्या?

इतक्या वर्षांत तो हॉस्पिटलातला तुकडा मी किती वेळा परत लावला असेल. तुम्ही शिकवलंत तसाच. वर्गात लावला असता तर काय झालं असतं तेही मला ठाऊक आहे. काका म्हणाले असते, मास्तराक लाज वाटली, मरताना दुसऱ्याच्या पोराक बांधून कसां ठेवायचां. आक्का म्हणाली असती, रडू आलं असणार, पुरुष आहे, दाखवणार नाही. बुवा म्हणाले असते, थट्टा केली, तुमचं ओठ वाचणं शेवटपर्यंत खपलं नाही त्यांना. मला कधी काकांचं पटतं, कधी आक्काचं. चांगली पाळी गेली की तुम्ही "जा" म्हणालेले असता. उन्हानं डोकं फिरलं, घरची आठवण आली, की "थांब" म्हणालेले असता. पण दोस्त यातलं काहीच म्हणाला नसता. तो मागून म्हणाला असता, "दिवा कुठं होता?"

दिवा तुमच्या डोक्यावर होता. बाहेर काळोख झालेला. खिडकीची काच काळी, आणि तुमचं तोंड तिच्यासमोर. त्या काचेत तुम्ही पूर्ण दिसत होतात, मास्तर. ओठांसकट. मला वाचता आलं असतं, साच्यावर याहून वाईट उजेडात वाचलंय. ज्यानं जन्मभर उजेड आणि पडदे केले, त्याला काचेत काय दिसतंय ते कळलं नसेल, हे मला पटत नाही. माझ्याकडे पाठही केलीत, आणि काचही ठेवलीत. बघायचं की नाही ते माझ्यावर सोडलंत. मी मान खाली घातली. खाटेखाली तुमच्या सपाता होत्या, एकीचा पट्टा सुटलेला, त्याच्याकडे बघत राहिलो, घंटा होईपर्यंत.

हा कागद ट्रंकेत शर्टांच्या खाली जाईल. पठाणानं मेसच्या मुकादमाकडून तोच सिनेमा येत्या गुरुवारी परत मागून घेतलाय, म्हाताऱ्याची पाठ नीट बघायची म्हणून. कुठं बसायचं, काय बघायचं, ते तू सांग म्हणतोय. मी हो म्हटलंय. त्याला हे माहीत नाही की काल "पीठ देख" म्हणताना मी स्वतः रेतीकडे बघत होतो.